किरणोत्सर्ग आणि पेशीतील पोथी

किरणोत्सर्ग हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन टोकांच्या वृत्ती दिसतात. एक भीतीची आणि दुसरी बेफिकिरीची. ज्या घरात ‘कांद्यावर किरण सोडलेले आहेत’ असे कानी पडताच पिशवी परत धाडली जाते, त्याच घरात डोके दुखले की ‘डॉक्टर, एकदा सीटी स्कॅन काढूनच टाका’ असा आग्रह धरला जातो. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार सांगितले की नातेवाईक हबकतात. ‘शेक’ दिल्याने माणूस आतून जळून जातो, त्यापेक्षा नको ते उपचार, असे म्हणून रुग्णाला घरी नेणारेही असतात. उलट भंगारात एखादा चकचकीत, जड धातूचा तुकडा मिळाला तर तो खिशात घालताना कोणाच्या मनात शंकाही येत नाही.

ह्या दोन्ही वृत्तींचे मूळ एकच आहे. किरण शरीरात शिरल्यावर नेमके करतात काय, हे आपण कधी शांतपणे समजून घेतलेले नसते. जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, ज्याला वास नाही, त्याच्याविषयी माणूस एक तर भुतासारखी भीती बाळगतो, नाही तर ते नाहीच असे समजून चालतो. परंतु गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी ह्या भुताचा माग काढला आहे. त्याचे काम पेशीच्या आत, एका धाग्यावर चालते. तो धागा कोणता, तो तुटतो कसा, आणि तुटल्यावर सांधला जातो कसा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पाण्यापासून आरंभ

आरंभ आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. बदलापूरजवळ बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये धरण बांधले. त्याचे पाणी उल्हास नदीत येते, जांभूळ येथे ते उचलून शुद्ध केले जाते, आणि नळांवाटे आपल्या गावांत पोहोचते. आपण ते पितो, त्यात भात शिजवतो. माणसाच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो, आणि एकेक पेशी घेतली तर तिच्या वजनापैकी सुमारे ७० टक्के पाणी असते. तेव्हा अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाची पेशी म्हणजे बऱ्याच अंशी बारवीच्या पाण्याचा एक सूक्ष्म थेंब, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की क्ष-किरण किंवा गॅमा किरण शरीरात शिरतात तेव्हा त्यांची गाठ बहुतेक वेळा पाण्याशीच पडते. ह्या किरणांमध्ये एवढी शक्ती असते की वाटेत येणाऱ्या रेणूमधील एखादा इलेक्ट्रॉन ते हिसकावून बाहेर फेकतात. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन गेला की तो रेणू स्थिर राहू शकत नाही. तो मोडतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे एक अत्यंत उतावळे मूलक जन्माला येते. त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावे लागते. पण तेवढ्या वेळात शेजारी जे सापडेल त्याच्यावर ते तुटून पडते. शेजारी प्रथिन असेल तर प्रथिनावर, मेद असेल तर मेदावर, आणि दुर्दैवाने पेशीची पोथी असेल तर पोथीवर.

क्ष-किरणांमुळे पोथीला जी इजा होते, तिच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश अशी पाण्याच्या वाटेने होते. उरलेली एक-तृतीयांश किरण थेट धाग्यावर आदळल्यामुळे होते. जे पाणी आपले जीवन आहे, तेच क्षणार्धासाठी शत्रूचे हत्यार बनते.

पोथी म्हणजे काय?

आपल्या पेशीच्या मध्यभागी एक केंद्रक असते. त्याची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढी. त्यात डी.एन.ए. नावाचा धागा ४६ तुकड्यांत गुंडाळून ठेवलेला असतो. ह्या तुकड्यांना आपण गुणसूत्रे म्हणतो. ते सगळे उलगडून एकापुढे एक ठेवले तर लांबी भरेल सुमारे दोन मीटर. म्हणजे आपल्या उंचीहून लांब धागा, आणि तो ठेवलेला कोठे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यात!

हा धागा दुहेरी आहे. दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले असतात, आणि त्यांच्यावर चार रासायनिक अक्षरांची लिपी असते: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. पैकी ॲडेनिनसमोर नेहमी थायमिन असते आणि ग्वानिनसमोर सायटोसिन. त्यामुळे एका पदरावरील मजकूर ठाऊक असला की दुसऱ्याचा आपोआप कळतो. एकाच पोथीच्या दोन प्रती समोरासमोर बांधून ठेवाव्यात, तशी ही व्यवस्था आहे. पेशीने कोणते प्रथिन केव्हा तयार करावयाचे, दुभंगून दोन पेशी केव्हा व्हावयाचे, केव्हा थांबावयाचे, हे सर्व ह्याच मजकुरात असते. आपल्या एका संपूर्ण संचात सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्या आहेत, आणि प्रत्येक पेशीत असे दोन संच, एक आईकडून आलेला व एक वडिलांकडून.

हा दुहेरी पीळ उजेडात आला तोही क्ष-किरणांच्याच साहाय्याने. रोझलिंड फ्रँकलिन ह्यांच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये डी.एन.ए.वर क्ष-किरण सोडून जे चित्र मिळाले, त्याचा आधार घेऊन १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक ह्यांनी त्याची रचना मांडली. जे किरण ही पोथी फाडतात, त्यांनीच ती वाचण्याची वाट दाखवली.

पण किरणांनी ह्या मजकुरात बदल होतो हे त्याच्याही आधी सिद्ध झाले होते. १९२७ मध्ये हर्मन मुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने फळमाश्यांवर क्ष-किरण सोडले आणि त्यांच्या संततीत नवनवे आनुवंशिक बदल किती तरी पटींनी वाढल्याचे दाखवून दिले. तेव्हा आनुवंशिकता कोणत्या पदार्थात साठवलेली असते हेही ठाऊक नव्हते. त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चमचाभर चहाची उष्णता

आता मापाचा प्रश्न. शरीराने किरणांची किती शक्ती शोषली हे मोजण्यासाठी ‘ग्रे’ हे एकक वापरतात. एक किलोग्रॅम वजनात एक ज्यूल शक्ती शोषली गेली तर ती एक ग्रे. माणसाच्या सर्वांगाला एकदम चार ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर अशा माणसांपैकी सुमारे निम्मी काही आठवड्यांत दगावतात.

ही चार ग्रे शक्ती म्हणजे मोठी भट्टी असेल असे वाटते ना? हिशेब करून पाहा. सत्तर किलो वजनाच्या माणसात ती होते २८० ज्यूल. गरम चहाचा पुरता चमचाही न भरेल एवढ्या घोटातून आपल्या पोटात जेवढी उष्णता जाते, तेवढीच. तिने शरीराचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाने वाढते. तेव्हा किरण माणसाला ‘जाळतात’ म्हणून तो मरतो, ही कल्पना मुळातच चुकीची आहे. चहाची उष्णता सर्व रेणूंत सारखी पसरते आणि कोणाचेच काही बिघडत नाही. किरणांची शक्ती मात्र मोजक्या जागी, टाचणीच्या टोकासारखी एकवटून पडते. एखाद्या ग्रंथालयावर हलकेसे ऊन पडले तर पुस्तकांना काही होत नाही. पण तेवढीच शक्ती कात्रीच्या पात्यात आली आणि ती पानापानांतून फिरली, तर ग्रंथालय निकामी होते.

एक ग्रे मात्रेने प्रत्येक पेशीतील धाग्यात काय घडते? सुमारे एक हजार ठिकाणी दोन पदरांपैकी एक तुटतो. तितक्याच किंवा त्याहून अधिक ठिकाणी एखादे अक्षर विद्रूप होते. आणि सुमारे ३५ ते ४० ठिकाणी दोन्ही पदर एकाच जागी तुटतात. हा शेवटचा आकडा सर्वांत लहान, पण सगळे महत्त्व त्यालाच आहे.

तुटणे आणि सांधणे

एक पदर तुटला तर पेशी फारशी चिंता करीत नाही. समोरची प्रत शाबूत असते. तिच्यावरून गेलेला मजकूर पुन्हा लिहून काढता येतो. अक्षर बिघडले तर तेवढे कापून नवे बसवता येते. ही कामे करणारी प्रथिने पेशीत सदैव फेऱ्या घालीत असतात.

किरण नसतानाही त्यांना उसंत नसते. डी.एन.ए. हा पाण्यात कायम टिकणारा पदार्थ नाही. केवळ पाण्यात, शरीराच्या उबेत राहिल्याने तो सतत थोडाथोडा झिजत असतो, आणि आपल्या श्वासातील प्राणवायूही त्याला ओरखडे काढतो. एका पेशीत दररोज असे हजारो आघात होतात. स्वीडनमध्ये जन्मलेल्या टोमास लिंडाल ह्यांनी हे ओळखले आणि असा तर्क केला, की हा धागा जर इतका नाजूक असेल, तर तो दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीत असलीच पाहिजे; एरवी जीवसृष्टी टिकलीच नसती. ती यंत्रणा सापडली. तिच्या वेगवेगळ्या शाखा उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार ह्या तिघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मग दोन्ही पदर तुटल्यास काय होते? तेथे समोरची प्रतही फाटलेली असते. पेशीपुढे दोन मार्ग राहतात. ती दुभंगण्याच्या बेतात असेल तर तिने धाग्याची एक पूर्ण नक्कल आधीच करून ठेवलेली असते. त्या नकलेवरून ती तुटलेला भाग बिनचूक भरून काढते. नक्कल तयार नसेल तर ती दोन तुटकी टोके पकडून सरळ एकमेकांना जोडते. हे काम घाईचे असते. त्यात दोन-चार अक्षरे गळतात. आणि अनेक ठिकाणी तुटलेले असेल तर भलतेच टोक भलत्याला जोडले जाते. पोथीच्या एका अध्यायाचा अर्धा भाग दुसऱ्या अध्यायाला शिवला जावा, तसे.

ह्यातून तीन परिणाम संभवतात. पहिला, दुरुस्ती बिनचूक होते आणि काहीच घडत नाही. दुसरा, दुरुस्ती अशक्य आहे हे पेशी ओळखते आणि शरीराच्या हितासाठी स्वतःला संपवते. तिसरा परिणाम सर्वांत घातक: दुरुस्ती चुकते, पण पेशी जगते. चुकलेला मजकूर ती आपल्या मुलींना, नातींना देत राहते. ‘आता थांब’ असे सांगणारे वाक्यच त्या चुकीत गेले असेल, आणि पुढे आणखी काही चुकांची भर पडली, तर कित्येक वर्षांनी तेथे कर्करोग दिसू लागतो. किरणांमुळे होणारा कर्करोग लगेच का दिसत नाही, ह्याचे उत्तर येथे आहे. हिरोशिमा व नागासाकीतील वाचलेल्या लोकांत रक्ताचा कर्करोग दोन-तीन वर्षांनी वाढू लागला आणि इतर कर्करोग दहा वर्षांनंतर.

भलतीच टोके जुळल्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. साध्या गुणसूत्राला एक कंबर असते. चुकीच्या जोडणीतून दोन कंबरांचे गुणसूत्र तयार होते. एखाद्या माणसाला अपघाताने किरणांचा मारा बसल्याचा संशय आला, तर त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वाढवून अशी गुणसूत्रे मोजतात, आणि त्यांच्या संख्येवरून मात्रेचा अंदाज बांधतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे काम होते.

लासलगावचा कांदा, तुर्भ्याचा भुईमूग

ज्या इजेची आपण भीती बाळगतो, तिचाच उपयोग माणसाने करून घेतला आहे. आपल्या महाराष्ट्रात त्याची उदाहरणे हाताशी आहेत.

नाशिक जिल्ह्यात लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. तेथे कांद्यावर कोबाल्ट-६० ह्या धातूचे गॅमा किरण सोडतात. मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे. साठवणीतला कांदा म्हणजे बहुतांशी स्वस्थ बसलेल्या पेशी; वाढणाऱ्या पेशी फक्त मधल्या कोंबात. ज्या पेशी दुभंगत असतात त्यांनाच धागा तुटल्याचा फटका अधिक बसतो, कारण दुभंगताना सगळी पोथी नकलून दोघींना वाटावी लागते. त्यामुळे कोंब फुटत नाही, पण कांदा तसाच राहतो. त्या कांद्यात किरण ‘शिल्लक’ राहत नाहीत. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसेच हे आहे. गॅमा किरणांनी कांदा किरणोत्सर्गी होत नाही, आणि छातीचा फोटो काढून आलेला माणूसही किरणोत्सर्गी होत नाही. किरणोत्सर्गी धूळ अंगावर पडणे किंवा पोटात जाणे ही गोष्ट अगदी निराळी. तेथे दिवाच घरात येऊन बसलेला असतो.

मात्रा वाढवत नेली की काय होते पाहा. आपला हापूस अमेरिकेला पाठवताना ४०० ग्रे मात्रा देतात. त्यामुळे कोयीतील भुंग्याची वीण थांबते. २००७ मध्ये असे आंबे प्रथम लासलगावहून गेले. वाशीच्या केंद्रात मसाल्यांतील जंतू मारण्यासाठी सुमारे दहा हजार ग्रे लागतात. तुर्भ्यातील ‘आयसोमेड’ केंद्रात १९७४ पासून शस्त्रक्रियेचे साहित्य निर्जंतुक केले जाते. तेथील मात्रा पंचवीस हजार ग्रे.

माणसाला चार ग्रे पुरतात आणि जंतूंना हजारो का लागतात? जंतूचा धागा आपल्या धाग्याच्या मानाने फार आखूड. आपल्या आतड्यांतील एका परिचित जंतूत अक्षरजोड्या आहेत सुमारे ४६ लाख. आपल्याकडे काही अब्ज. निशाण जेवढे लहान, तेवढे त्याच्यावर नेम लागण्यासाठी बाण अधिक सोडावे लागतात. काही जंतू दुरुस्तीतही निष्णात असतात. १९५६ मध्ये किरणांनी निर्जंतुक करू पाहिलेल्या डबाबंद मांसात एक जंतू जिवंत सापडला. पाच हजार ग्रे सोसून, पोथीचे शेकडो तुकडे झाल्यावरही, तो ती काही तासांत पुन्हा जुळवतो! त्याची कला समजून घेण्याचे संशोधन तुर्भ्यातही झालेले आहे.

चुकलेली दुरुस्ती नेहमीच अनिष्ट असते असेही नाही. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून हजारो रोपे वाढवली. बहुतेक बदल निरुपयोगी निघाले. थोडे उपयोगी ठरले. त्यातून टपोऱ्या दाण्याचे पहिले वाण १९७३ मध्ये शेतकऱ्यांकडे गेले, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने पुढे आलेले ‘टीएजी-२४’ हे वाण महाराष्ट्राच्या शेतांत रुजले. पण एक यशस्वी वाण मिळवण्यासाठी हजारो रोपे उपटून टाकावी लागली हे विसरता कामा नये. रोपे उपटता येतात, माणसे नाही.

घरातील एका उपकरणाचाही उल्लेख करावयास हवा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांत पुष्कळदा अतिनील किरणांचा दिवा असतो. हे किरण क्ष-किरणांइतके बलवान नाहीत. ते धागा तोडत नाहीत, पण शेजारशेजारची दोन थायमिन अक्षरे एकमेकांना चिकटवून टाकतात. चिकटलेल्या पानांची पोथी जंतूला नकलता येत नाही आणि त्याची पैदास थांबते. दुपारच्या उन्हात आपल्या त्वचेच्या पेशींतही हेच घडते. पण आपण ती अक्षरे कापून काढतो आणि नवी बसवतो. काही मुले जन्मतःच ह्या दुरुस्तीला मुकलेली असतात. त्यांना साधे ऊनही सोसत नाही आणि लहानपणीच त्वचेचे कर्करोग होतात. दुरुस्ती म्हणजे काय, हे ह्या मुलांकडे पाहिले की कळते.

पाऊस चार महिन्यांचा आणि एका रात्रीचा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बारवीच्या पाणलोटात जून ते सप्टेंबर पडणारा पाऊस धरण भरतो आणि वर्षभर आपली तहान भागवतो. पण २६ जुलै २००५ ला जो पाऊस काही तासांत कोसळला, त्याने बदलापुरापासून मुंबईपर्यंत हाहाकार उडवला. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हेही आपल्याला आठवत असेल. पाणी किती पडले एवढेच पुरेसे नसते. ते किती वेळात पडले आणि वाहून जाण्यास वाव होता की नाही, हे पाहावे लागते.

किरणांचेही तसेच. जमिनीतून, आकाशातून, हवेतून आणि अन्नातून जगातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतच असते. क्ष-किरणांच्या बाबतीत हजार मिलिसीव्हर्ट म्हणजे एक ग्रे असे धरण्यास हरकत नाही. आपल्याच शरीरातील पोटॅशियमचे सुमारे चार हजार अणू दर सेकंदाला फुटत असतात. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूमुळे ही नैसर्गिक मात्रा कित्येक पटींनी जास्त आहे. तेथील लोकांची वर्षानुवर्षे पाहणी करून २००९ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात कर्करोगाचे प्रमाण त्यामुळे वाढलेले आढळले नाही. रिमझिम पाऊस असेल तर पेशी आपले गटार मोकळे ठेवू शकते.

ह्याच तत्त्वावर कर्करोगाचे किरणोपचार उभे आहेत. गाठीला एकूण साठ ग्रेच्या आसपास मात्रा द्यावयाची असते. ती एकदम देत नाहीत. रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. किरण गाठीवरच एकवटावेत अशी योजना असते. आजूबाजूच्या निरोगी पेशी दोन दिवसांच्या मधल्या वेळात बहुतेक तूट भरून काढतात. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असतात, आणि त्यांची दुरुस्तीची व्यवस्था पुष्कळदा बिघडलेली असते, म्हणून त्या मागे पडतात. रोजरोज हेलपाटे कशाला, असे रुग्णाच्या घरच्यांना वाटते. पण ते हेलपाटे हेच उपचाराचे मर्म आहे. मधेच उपचार सोडणे म्हणजे गाठीला सावरण्यास सवड देणे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आपल्या आवाक्यात आहे. भाभा केंद्राने घडवलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र देशातील अनेक रुग्णालयांत काम करते. भीतीने ह्या दारांपासून रुग्णाला परत नेणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

एका रात्रीचा पूर

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने उपकरण आले. त्यात कोबाल्ट-६० होते. कामगारांनी ते फोडले. काही दिवसांनी त्यांची त्वचा काळवंडू लागली, केस गळू लागले, उलट्या सुरू झाल्या. अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला.

किरण क्षणात लागले, तर माणूस दिवसांनी, आठवड्यांनी का आजारी पडतो? झाडाच्या मुळाशी इजा झाली तरी त्या दिवशी पाने हिरवीच असतात. कळते ते नवी पालवी फुटत नाही तेव्हा. आपल्या हाडांच्या मगजात रक्तपेशी, आतड्याच्या अस्तरात नव्या पेशी आणि केसांच्या मुळांशी केस सदैव तयार होत असतात. तेथील पेशी झपाट्याने दुभंगतात, म्हणून फटका तेथे प्रथम बसतो. असलेल्या पांढऱ्या पेशी आपले दिवस भरून मरतात, त्यांची जागा घेण्यास नव्या येत नाहीत, आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

आपला परिसर कारखान्यांचा आहे. लोखंडी नळांचे जोड तपासण्यासाठी कारखान्यांत किरणोत्सर्गी इरिडियम वापरतात. तेव्हा पिवळ्या पाटीवर तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली, किंवा भंगारात शिशाच्या जाड वेष्टनातील काही वस्तू आढळली, तर ती उघडू नये, हात लावू नये, दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे. अंतर दुप्पट केले तर मारा चौथा हिस्सा होतो, एवढे गणित प्रत्येक भंगारवाल्याला ठाऊक असावयास हवे.

तीन प्रश्न

एका भीतीचे मात्र निरसन केले पाहिजे. बॉम्बमधून वाचलेल्या जपानी माणसांना, विशेषतः मुलींना, विवाहाच्या बाजारात नाकारले जाई; त्यांची मुले विकृत निपजतील असा समज होता. त्यांच्या सत्तर हजारांहून अधिक मुलांची पाहणी झाली, आणि आईवडिलांना लागलेल्या किरणांमुळे त्यांच्यात आनुवंशिक दोष वाढल्याचे आढळले नाही. गर्भात असताना ज्यांना किरण लागले त्यांची गोष्ट वेगळी. गर्भाच्या पेशी झपाट्याने दुभंगत असतात, आणि त्या मुलांपैकी काहींच्या मेंदूची वाढ खुंटली होती. म्हणूनच क्ष-किरण विभागात स्त्रियांना दिवस गेले आहेत काय, असे आधी विचारतात. त्या प्रश्नाने संकोचून जाऊ नये.

सारांश, किरणांचा विचार करताना तीन प्रश्न विचारावेत. मात्रा किती? किती वेळात? आणि कशासाठी? छातीचा एक फोटो म्हणजे फार तर ०.१ मिलिसीव्हर्ट, वरच्या हिशेबाने अडीचशे पेशींत एखाद्या पेशीचा धागा दोन्ही पदरांनी तुटतो. पोटाच्या एका सीटी स्कॅनची मात्रा त्याच्या शंभरपट, दहा मिलिसीव्हर्टच्या आसपास असू शकते. म्हणजे दर दहा पेशींत चार तुटी. त्यांतील बहुतेक सांधल्या जातील. आतड्याला पीळ पडल्याची शंका असेल तर तो स्कॅन जीव वाचवील, आणि तेथे मागेपुढे पाहू नये. पण मनाच्या समाधानासाठी, किंवा मागचा फोटो हरवला म्हणून, तो पुन्हा काढणे शहाणपणाचे नाही. जुने फोटो जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, आणि ‘ह्याची गरज आहे का?’ असे विचारण्यास संकोचू नका.

आपली पेशी ही पोथी रोज दुरुस्त करीत बसलेली आहे. ती फार कसलेली लेखनिक आहे, पण तिच्या हाताला मर्यादा आहेत. तिला अकारण काम वाढवून ठेवू नये. आणि उपचारासाठी थोडे वाढवावे लागलेच, तर तिच्या हातांवर विश्वासही ठेवावा.